नाईल क्रूझ: आधी वार ठरवा, मग बोट

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई (६८) आणि सासरे (७३), इजिप्तला जायचं म्हणतोय. घरातून निघून घरी येईपर्यंत नऊ दिवस हातात आहेत. एजंटने अस्वान ते लक्सर अशी तीन रात्रींची क्रूझ सुचवली आहे, ‘फाइव्ह स्टार’, आणि अबू सिंबेलची देवळं ऐच्छिक. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर ते तासभर चालतात. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही, शिवाय एकादशी करतात. त्यांना बोट लागेल का, ही धास्ती आहे. मला स्वतःला देवळांइतकीच नदी आणि पक्षी बघायचे आहेत. क्रूझ कुठून कुठे घ्यावी, किती रात्रींची घ्यावी, आणि एजंटला काय विचारावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, बोट लागण्याचा प्रश्न सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी मिटवू. नाईलवर समुद्रासारख्या लाटा नसतात. बोट डोलत नाही, फक्त इंजिन चालू असताना मागच्या बाजूच्या खोल्यांमध्ये थरथर जाणवते. सासूबाईंना घाटातल्या बसचा जेवढा त्रास होईल, त्याच्या पावपटही इथे होणार नाही. आणि मुळात ही बोट चालते किती? लक्सर ते अस्वान हे नदीतलं अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. चार रात्रींच्या सहलीतही बोट निम्म्याहून जास्त वेळ धक्क्यालाच बांधलेली असते. तुम्ही घेताय ती खरं तर तरंगती लॉज आहे. सामान एकदाच उघडायचं आणि खोलीनेच तुम्हाला पुढच्या गावी नेऊन सोडायचं, हाच तिचा मोठा फायदा. वयस्कर माणसांसाठी तो फार मोलाचा आहे.

पण या लॉजचं वेळापत्रक पक्कं बांधलेलं असतं आणि खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक बोट ठरावीक वारीच लक्सरहून सुटते आणि ठरावीक वारीच अस्वानहून परत निघते. साधारण पद्धत अशी की लक्सरहून अस्वानला जाताना चार रात्री, परतताना तीन रात्री, आणि आठवड्याचं चक्र पूर्ण. लोक काय करतात, मुंबई-कैरोचं स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते काढून टाकतात. मग कळतं की बोट दोन दिवसांनी सुटते, आणि ते दोन दिवस कैरोच्या ट्रॅफिकमध्ये घालवावे लागतात. किंवा एजंट कार्यक्रमच ओढूनताणून बसवतो. तुम्ही उलट करा. आधी बोटीचा वार लेखी घ्या, मग कैरो-लक्सर आणि अस्वान-कैरोची देशांतर्गत विमानं बघा, आणि मुंबईचं तिकीट सगळ्यात शेवटी.

आता दिशा. एजंटने सांगितलेला अस्वान-लक्सरचा पर्याय वाईट नाही, पण तुमच्या घरासाठी चुकीचा आहे. का, ते दिवसवार बघा. पहिल्या दिवशी दुपारी अस्वानला बोटीवर चढायचं, संध्याकाळी फिलेचं देऊळ आणि धरण. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्यांना जायचं ते अबू सिंबेलला जातात. परत आले की बोट सुटते आणि संध्याकाळी कोम ओम्बोचं देऊळ. तिसऱ्या दिवशी सकाळी एडफूचं देऊळ, मग लक्सरपर्यंतचा प्रवास. राहिली चौथ्या दिवसाची सकाळ. त्या एका सकाळी पश्चिम काठावरचं राजांचं खोरं (जिथे राजांच्या कबरी आहेत), हत्शेप्सूत राणीचं देऊळ आणि पूर्व काठावरचं कर्नाकचं देऊळ, सगळं उरकून बोट रिकामी करायची. म्हणजे इजिप्तमधलं सगळ्यात भारी जे आहे, ते सर्वांत जास्त दमलेल्या दिवशी, घड्याळाकडे बघत. सासऱ्यांचे गुडघे तिथेच हात टेकतील.

चार रात्रींच्या लक्सर-अस्वान फेरीत हेच लक्सर दोन दिवसांत विभागलं जातं. म्हणून तुमच्या नऊ दिवसांची मांडणी अशी करा. पहिला दिवस मुंबईहून कैरो. दुसरा दिवस गिझाचे पिरॅमिड आणि शेजारचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तिसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने लक्सर, हे तासाभराचं उड्डाण आहे. दुपारी बोटीवर जेवण, मग कर्नाक, आणि अंधार पडल्यावर लक्सरचं देऊळ, कारण ते रात्री दिव्यांत बघण्यासारखं असतं आणि उशिरापर्यंत उघडं असतं. चौथ्या दिवशी पश्चिम काठ, दुपारी बोट सुटते. पाचवा एडफू आणि कोम ओम्बो. सहावा अस्वान. सातव्या दिवशी पहाटे अबू सिंबेल, आणि परतून बोटीवर नाही तर अस्वानच्या हॉटेलात. आठव्या दिवशी सकाळ तुमच्या पक्ष्यांची, दुपारनंतर कैरो. नववा दिवस घरी.

या मांडणीत दोन ठिकाणी गडबड होऊ शकते. एक म्हणजे सातवा दिवस. त्या सकाळी बोट सोडायची असते, साधारण आठपर्यंत खोली रिकामी करून मागतात. तुम्ही मात्र पहाटे चार-साडेचारला निघणार. त्यामुळे सामान आदल्या रात्रीच भरून, बारचं आणि पाण्याचं बिल चुकतं करून, बॅगा रिसेप्शनला पोचवायच्या आणि नाश्त्याचा डबा बांधून मागायचा. डब्यात बहुधा उकडलेलं अंडं आणि चीज सँडविच असतं, म्हणून सासूबाईंच्या डब्याचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. दुसरी गडबड आठव्या रात्री. अस्वानहून येणारं विमान आणि मुंबईचं विमान यांत दोन-तीन तासांचंच अंतर ठेवू नका. देशांतर्गत उड्डाणांच्या वेळा पुढेमागे होतात, आणि चुकलं तर पुढचं तिकीट तुमच्या खिशातून. कैरोत रात्र काढा.

अबू सिंबेल ऐच्छिक ठेवू नका, पॅकेजमध्येच घालून घ्या. अस्वानपासून ते पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर दक्षिणेला आहे, गाडीने एका बाजूला तीन ते साडेतीन तास. वाळवंटातला सरळ डांबरी रस्ता आहे, खड्डे फारसे नाहीत, पण वाटेत थांबायला जागा कमी. ज्या प्रवासाला सात तास बसायचं, तो ऐनवेळी बोटीवर ठरवला तर जी गाडी मिळेल तीत कोंबून बसावं लागतं. चौघांसाठी स्वतंत्र गाडी मागा, म्हणजे सासऱ्यांना पाय लांब करता येतील. देवळाशी पोचल्यावर प्रवेशद्वारापासून तळ्याच्या काठापर्यंत उतार आहे आणि परतताना चढ. बॅटरीवरची गाडी मिळते, ती घ्या. तिथे जे दिसतं ते डोंगरात कोरलेलं देऊळ आहे हे खरं, पण तो डोंगर आज तिथे माणसाने उभा केलेला आहे. अस्वानच्या उंच धरणामुळे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात रामसेस दुसरा या राजाची ही दोन्ही देवळं करवतीने तुकडे करून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडली. जवळ जाऊन बघितलं की मूर्तींवर सांधे दिसतात. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, उगवतीचं ऊन थेट गाभाऱ्यापर्यंत जातं. तेव्हा गर्दी इतकी असते की वयस्कर माणसांना घेऊन त्या दिवशी जाऊच नये. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तेवढी तारीख सांभाळा.

दिवाळी म्हणून आठवलं. ऑक्टोबरच्या मध्यात लक्सरला दुपारी अजून पस्तिशीतलं ऊन असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ते तिशीच्या आसपास येतं. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर उत्तमच. ऑक्टोबरात आली तर सकाळ आणि संध्याकाळच हाताशी धरा, दुपार बोटीवर झोपायला. डिसेंबर-जानेवारीत हवा सुंदर, पण नाताळच्या आठवड्यात बोटी भरलेल्या, भाव चढलेले आणि रात्री स्वेटर लागतो.

राजांच्या खोऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सासऱ्यांची खरी परीक्षा तिथे आहे आणि ती टाळता येते. एका तिकिटात उघड्या असलेल्यांपैकी कुठल्याही तीन कबरी बघता येतात. तूतनखामून, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटं वेगळी. गाइड बहुतेक वेळा ज्या तीन जवळ पडतात त्या दाखवतो. तुम्ही क्रमांक सांगून मागा. २ क्रमांकाची, रामसेस चौथ्याची कबर रुंद, सरळ आणि सौम्य उताराची आहे, गुडघेदुखीवाल्यांना सगळ्यात सोयीची. ११ क्रमांकाची, रामसेस तिसऱ्याची, लांब आहे पण उतार सोसवतो, आणि बाजूच्या छोट्या खोल्यांमधली चित्रं बघण्यासारखी आहेत. जादा तिकीट काढायचंच तर ९ क्रमांकाची, रामसेस पाचवा-सहावा यांची, घ्या. शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत अंग ताणून पसरली आहे, सूर्य तिच्या तोंडातून गिळला जातो आणि रात्रभर तिच्या देहातून फिरून पहाटे जन्मतो. हे चित्र बघायला मान वर करून पाच मिनिटं उभं राहावं. ३४ क्रमांकाची, थुतमोस तिसऱ्याची कबर मात्र सासऱ्यांनी टाळावी. आधी खडी लोखंडी शिडी चढायची, मग पुन्हा खाली उतरायचं. ८ क्रमांकाची, मेरनेप्ताहची, तीव्र उताराची आहे, तीही नको.

तूतनखामूनची कबर बघावी का? तिच्यात उतरायला सोळा पायऱ्या आणि पुढे थोडा उतार, आत मोजून चार छोट्या खोल्या. ब्रिटिश उत्खननकार हॉवर्ड कार्टरला १९२२च्या नोव्हेंबरात जे सापडलं, त्यातलं जवळपास काहीही तिथे नाही. सोन्याचा मुखवटा आणि बाकीचा खजिना आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, जे १ नोव्हेंबर २०२५ला अधिकृतरीत्या खुलं झालं. तूतनखामूनची ममी मात्र अजून त्या कबरीतच आहे. तेवढ्यासाठी जायचं तर जा. रामसेस दुसरा आणि बाकीच्या राजांच्या ममी कैरोच्या फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत. जुन्या माहितीवर चालणारे अजून तहरीर चौकातल्या संग्रहालयात मुखवटा शोधत फिरतात.

खोऱ्यात प्रवेशद्वारापासून कबरींपर्यंत बॅटरीची गाडी आहे, हत्शेप्सूतच्या देवळाशीही आहे. तिथे मात्र प्रत्येक गच्चीवर जायला लांब चढण आहे आणि सावली नाही. सासऱ्यांनी पहिल्या गच्चीपर्यंत जावं, पुढचं तुम्ही बघून या. कबरींच्या आत हवा कोंदट आणि दमट असते. बाहेरून कोरड्या उन्हातून आत गेलं की वयस्करांना गरगरतं, म्हणून आत जाण्याआधी दोन मिनिटं सावलीत थांबून पाणी पिऊनच आत शिरा. अस्वानचा अपूर्ण ओबेलिस्क (एकाच दगडातून काढलेला उंच चौकोनी स्तंभ) यादीतून खुशाल काढून टाका. तो महत्त्वाचा आहे, खडकातून कोरून काढतानाच तडा गेला म्हणून तसाच पडून राहिला आणि ४२ मीटर लांब आहे. पण तो बघायला ग्रॅनाइटच्या ओबडधोबड पायऱ्या चढायच्या, उन्हात. त्याऐवजी नूबियन संग्रहालय. थंड आणि फार छान मांडलेलं.

एडफूला बोट धक्क्याला लागते आणि देऊळ गावाच्या पलीकडे. परंपरेने घोडागाडीने नेतात. एकाच वेळी डझनभर बोटी आलेल्या, शेकडो माणसं, घोडे दमलेले आणि टांगेवाला उतरताना दुप्पट पैसे मागणार. ‘देऊळ आणि परत’ हे पैसे गाइडच्याच हातातून द्यायला सांगा, किंवा बोटीकडून मोटारीची सोय मागा. देऊळ मात्र चुकवू नका. होरस देवाचं हे देऊळ इ.स.पू. २३७ला सुरू होऊन इ.स.पू. ५७ला पुरं झालं. मग ते शतकानुशतकं वाळूखाली आणि गावातल्या घरांखाली गाडलं गेलं, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑगस्त मारिएतने १८६०च्या दशकात ते मोकळं केलं. वाळूनेच ते राखलं, म्हणून आज छप्परासकट उभं आहे.

एडफूच्या आधी एसना येतं. तिथल्या बंधाऱ्याच्या लॉकमधून बोटींना पाण्याची पातळी बदलून पार व्हावं लागतं आणि रांग लागते. कधी तासभर, कधी त्याहून बरंच जास्त. बोटीवरचे लोक या रांगेला कंटाळतात. तुमची बोट एसनाला धक्क्याला लागली तर ख्नूम देवाचं देऊळ तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. आजच्या रस्त्याच्या पातळीच्या सुमारे नऊ मीटर खाली, आणि शतकांची काजळी पुसल्यावर छताचे मूळ रंग बाहेर आले आहेत. बहुतेक पॅकेजमध्ये ते नसतं, म्हणून गर्दीही नसते.

लॉकजवळच छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले झगे, टेबलक्लॉथ थेट तुमच्या डेकवर फेकतात. हा खेळ मजेचा असतो, नियम एवढाच की जे घ्यायचं नाही ते लगेच परत फेकायचं. पिशवी खोलीत नेली की सौदा झाला असंच ते धरतात, आणि मग खालून आरडाओरडा सुरू. घ्यायचं असेल तर भाव आधी ठरवा, पहिल्या आकड्याच्या एक तृतीयांशावर सुरुवात करा.

आता तुमची नदी. मोठ्या बोटीतून निसर्ग बघायचा तर वेळ पकडावी लागते. एडफू ते कोम ओम्बो या टप्प्यात दुपारी जेवून लोक झोपतात, तेव्हाच तुम्ही वरच्या डेकवर बसा. याच टप्प्यात गेबेल सिल्सिला येतं, जिथे नाईल अरुंद होते आणि दोन्ही बाजूंना तांबूस वालुकाश्माचे कडे येतात. कर्नाक, लक्सर, एडफू इथल्या देवळांचा दगड याच खाणींतून गेला. कड्यावर खाणकामगारांनी सरळ रेषेत कापलेल्या भिंती बोटीतून स्पष्ट दिसतात. नीट लक्ष ठेवलं तर दगड बदलत जाताना दिसेल. लक्सरला पांढरट चुनखडी, इथे वालुकाश्म, आणि अस्वानला एकदम काळपट-गुलाबी ग्रॅनाइट, पाण्यात बसलेल्या हत्तींच्या पाठीसारखा गोल झालेला. दोन्ही काठांना पट्टाभर हिरवं, खजूर, म्हशी आणि ऊस. ऊस भरपूर, आणि कारखान्यांकडे नेणारी छोट्या रुळांची रेल्वेही. कोम ओम्बोलाच मोठा साखर कारखाना आहे. सांगलीकरांना हे बघताना करमणूक होईल.

पक्षी डेकवरून दिसतात ते बगळे, राखी बगळे, पाणकावळे, हुदहुद आणि पाण्यावर एका जागी फडफडत सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या धीवर, तोच जो कृष्णेवर दिसतो. पण खरं पक्षिनिरीक्षण अस्वानला. पहिल्या प्रपाताजवळची सालुगा आणि गझल ही बेटं १९८६पासून संरक्षित आहेत. उजाडताना छोट्या मोटरबोटीने दोन तास फिरा, आणि नावाड्याला बेटांजवळ इंजिन बंद करून वाहू द्यायला सांगा. यासाठीच आठव्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवली आहे. मगरी मात्र इथे शोधू नका. उंच धरणानंतर त्या फक्त वरच्या नासर सरोवरात उरल्या आहेत. मगरींच्या ममी कोम ओम्बोच्या देवळाशेजारच्या छोट्या संग्रहालयात आहेत, तिकीट त्याच प्रवेशात असतं आणि पुष्कळ लोक ते न बघताच परततात.

तुमचा मुख्य ओढा नदीकडेच असता आणि वयस्कर सोबत नसते, तर दहाबिया सुचवली असती. ही दोन शिडांची बोट, पाच ते दहा खोल्या, एसनाहून निघून छोट्या ठिकाणी थांबत जाते, गेबेल सिल्सिलालाही उतरवते. वारा उत्तरेचा असतो म्हणून दक्षिणेकडे शिडावर जाता येतं, वारा पडला की टगबोट ओढते. पण काठावर उतरायला एका फळीवरून चालावं लागतं, लिफ्ट नाही, आणि खर्च बराच जास्त. यावेळी नको.

मोठ्या बोटीत खोली कुठली? सगळ्यात खालच्या मजल्याच्या खिडक्या पाण्याच्या पातळीला असतात आणि तिथे इंजिनचा आवाज जास्त. मधल्या किंवा वरच्या मजल्यावर, पुढच्या अर्ध्या भागातली खोली मागा. सासऱ्यांसाठी रिसेप्शनच्या मजल्यावरची मिळाली तर उत्तम, कारण बऱ्याच बोटींना लिफ्ट नसते, आणि हा प्रश्न थेट विचारावाच लागतो. धक्क्याला बोटी एकीला एक चिकटून चार-पाच उभ्या करतात. किनाऱ्यावर जायला दुसऱ्या बोटींच्या लॉबीतून जावं लागतं आणि खिडकीबाहेर समोरच्या बोटीतली खोली दिसते. खिडकी उघडली तर जनरेटरचा धूर आत. यावर इलाज नाही. म्हणून महागड्या ‘बाल्कनी’साठी जादा पैसे देऊ नका. ‘फाइव्ह स्टार’ हा शिक्का स्थानिक वर्गीकरणाचा आहे, त्यापेक्षा बोटीचं शेवटचं नूतनीकरण कुठल्या वर्षी झालं ते विचारा.

जेवणात सासूबाईंचे हाल होणार नाहीत, पण शब्द बरोबर वापरावा लागेल. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं सूप आणि मुलुखिया ही पालेभाजी समोर येते, कारण ‘मांस तर नाही ना’ असा त्यांचा हिशेब. त्याऐवजी ‘सियामी’ म्हणा. कॉप्टिक ख्रिश्चन लोक उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध काही खात नाहीत, आणि इजिप्तमधल्या प्रत्येक स्वयंपाक्याला हा शब्द माहीत असतो. काही उपासांत त्यांना मासे चालतात, म्हणून ‘मासेही नकोत’ एवढं जोडा. कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची चटणी आणि तळलेला कांदा), फुल म्हणजे शिजवलेला बाकला घेवडा, त्याच घेवड्याची वाटून तळलेली ताअमिया, वांग्याचं बाबागनूश, ताहिनी, गरम पोळीसारखी ऐश बलदी. एकादशीला उकडलेले बटाटे, केळी, संत्री, खजूर सहज मिळतात. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की घरून न्या. कच्ची कोशिंबीर आणि बर्फ सगळ्यांनीच टाळा, दात घासायलाही बाटलीचं पाणी. बुफे पॅकेजमध्ये असतो, पण टेबलावरची पाण्याची बाटली बऱ्याच बोटींवर वेगळी लावतात. चिठ्ठीवर सही घेतात आणि शेवटी बिल येतं, तेव्हा आश्चर्य नको.

एक गोष्ट फार महत्त्वाची. सासऱ्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांवरचं घटकाचं नाव वाचा. आपल्याकडे वेदनाशामकांत सर्रास असणारं ट्रामाडॉल इजिप्तमध्ये कडक नियंत्रणाखाली आहे, आणि ते बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना तुरुंगात जावं लागलं आहे. पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असलं तरी तेच. डॉक्टरांकडून दुसरी गोळी लिहून घ्या, आणि बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट न्या. नवऱ्याकडे ड्रोन असेल तर तो घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो.

पैशाचं थोडक्यात. मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडक्यांवर आता बहुतेक ठिकाणी रोख चालत नाही, कार्डच लागतं. त्यामुळे बँकेला सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा, आणि दोन वेगवेगळी कार्डं न्या. पण स्वच्छतागृह, हमाल, टांगा यांना पाच-दहा-वीस पौंडांच्या सुट्ट्या नोटा लागतात. कबरीतला किंवा देवळातला पहारेकरी खूण करून अंधाऱ्या कोपऱ्यात बोलावतो आणि काहीतरी दाखवून हात पुढे करतो. जायचं नसेल तर ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणून चालू लागायचं, रागावण्याचं कारण नाही.

एजंटला आता एकच मेल पाठवा, आणि त्यात एवढं विचारा: बोटीचं नाव काय आणि ‘किंवा तत्सम’ लिहिलं असेल तर ती बदलली तर पैसे परत का? कुठल्या वारी, किती वाजता सुटते? लिफ्ट आहे का, खोली कुठल्या मजल्यावर, पलंग जोडलेले की वेगळे? गाइड फक्त आपल्या चौघांसाठी की तीस जणांत? कुठल्या प्रवेशांचे पैसे यात आहेत आणि कुठल्यांचे नाहीत? अबू सिंबेलची गाडी स्वतंत्र का? बोटीवरचे कर्मचारी, गाइड आणि ड्रायव्हर यांच्या टिपा धरून माणशी किती, आणि त्या कुठल्या चलनात? व्हिसा कोण काढणार? त्यासाठी पासपोर्ट पोचण्याच्या तारखेपासून निदान सहा महिने वैध हवा आणि अर्जाला निदान महिनाभर हाती ठेवा. नेमकी उत्तरं लेखी आली तर आगाऊ रक्कम भरा. ‘मॅडम, तिकडे गेल्यावर सगळं ठरतं’ असं उत्तर आलं तर दुसरा एजंट बघा.